डाव्या टाचेला मोकळीक

४ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच कपाटावर टाकशील, अशी एक शक्यता आहे. दुसरी अशी, की वहिनी फोडेल आणि जेवताना मोठ्याने वाचून दाखवेल. वहिनी, तसं असेल तर आधी त्याला घास गिळू दे.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. तक्रार नाही, काम आहे.

मी अजून त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत आहे. आता घड्या घालणाऱ्या बायकांवर देखरेख करते, म्हणजे त्यांच्याइतक्याच घड्या घालते आणि वर बोलणीही खाते. तिथे एक नवी मुलगी लागलीय इस्त्रीवर. सुटी झाली की माझ्याबरोबर बागेत येते. हो, डिस्क गोल्फ. वहिनीच्या भाषेत सांगायचं तर मोठी माणसं झाडांमधून बशा फेकत फिरतात आणि साखळ्यांच्या टोपलीत पडली की स्वतःच टाळ्या वाजवतात, तोच खेळ. मी अजून खेळते. हे वाचून कागद चुरगाळणार असशील तर पुढचं वाचून चुरगाळ.

ह्या मुलीच्या अंगात फेक आहे. पण ती पळत येते, पावलं बरोबर टाकते आणि पुढचा पाय जमिनीला लागायच्या आत तिचा हात निघून गेलेला असतो. वजन मागेच राहतं. चकती वर चढते, तिथे थोडा विचार करते आणि गप खाली येते. थोडक्यात, तिला माझाच रोग आहे. ज्याच्यावरून तू माझं नाव घाई ठेवलंस तोच. मी आजवर जे काही मारलं ते दंडाच्या जोरावर. खांदा आता त्याची वसुली करतोय, रोज सकाळी केस विंचरताना. पायांनी काय करायचं असतं ते तू सांगायचास आणि मी ऐकायची नाही. आता कोणाला शिकवायची वेळ आली तर मला सांगता येत नाही.

मुलगी भारी मजेशीर आहे. फेकण्याआधी चकती उजव्या बाहीवर पुसते, कोरडी असली तरी. दोनदा पुसते आणि मगच फेकते.

तिचा खांदा माझ्यासारखा होऊ नये एवढंच. तुला वाटलं तर चार ओळी लिही. नाही वाटलं तरी चालेल.

तुझी खारू छान आहे. रविवारी माझ्याकडे जेवते, हॉस्टेलच्या जेवणाला नावं ठेवते आणि चष्म्याचे नंबर काढायच्या मोठमोठ्या पुस्तकांत डोकं घालून बसते. तिला ह्या शहरात शिकायला पाठवताना तू वहिनीच्या तोंडून मला निरोप दिला होतास: पोरीला खायला घाल, रागव, पण तिच्या हातात चकती देऊ नकोस. मी हो म्हटलं होतं. लक्षात आहे माझ्या.

तुझी,
घाई

२६ फेब्रुवारी

दादा,

कार्ड मिळालं. जिन्यातल्या पेटीतून काढलं आणि तिथेच पायरीवर बसून वाचलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, फरशांसारखं, प्रत्येक अक्षर शेजारच्याला टेकून आणि सांधा सरळ. वरच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, काही वाईट बातमी का? मी म्हटलं, नाही हो, भावाचं पत्र आहे. मग ते जाईपर्यंत मी तशीच बसून राहिले. आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, पण त्याच्या मागोमाग दुसरंही काहीतरी आलं. ते काय ते आत्ता विचारू नकोस.

तू लिहिलंस ते जसंच्या तसं केलं. “पळणं बंद. जागेवर उभी कर. पुढचा पाय उचलून मागच्यावर तोल घेऊ दे. मग पाय टेकव. वजन येऊ दे. मग हात. हात हा उशिरा येणारा पाहुणा आहे, घरातलं सगळं आवरून झाल्यावर त्याने यावं.”

पाहुण्याचं ऐकून खा नवी मुलगी खूप हसली. (खाडाखोड माफ कर, पेन अडतंय.) पण जमेना. पाय टेकवते तोवर हात दारात उभाच. मी ओरडायची, ती म्हणायची, तूच तसं फेकतेस की.

मग परवा लाँड्रीत एक गंमत झाली. तिला डबल चादरीची घडी घालायला माझ्यासमोर उभी केली. तुला माहीत नसेल, मोठ्या चादरीला दोघी लागतात. चार कोपरे चार हातांत, एक पाऊल मागे, चादर ताणायची आणि झटकायची. नुसत्या हातांनी झटकली तर चादर पोटात फुगते आणि सुरकुती तशीच राहते. मागच्या पायावरून वजन पुढच्यावर आलं आणि मग हात आले, तर फट्ट आवाज होतो आणि चादर काचेसारखी होते. मी हे इतकी वर्षं करतेय, दादा. दिवसभर, रोज. लाँड्रीत माझे पाय आधी जातात आणि हात नंतर, आणि बागेत गेले की मी सगळं विसरते. समोर ही मुलगी चादर धरून उभी, मी म्हटलं, पुन्हा कर. पुन्हा फट्ट. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, “अगं, हेच आहे ना ते?”

संध्याकाळी बागेत जागेवर उभं राहून तिने फेकलेली चकती माझ्या धावत येऊन फेकलेल्या चकतीच्या पुढे गेली. मी ती शोधायला झुडपात शिरले आणि बराच वेळ शोधत राहिले, चकती पायाशीच होती तरी.

आता पावलं कधी घालायची ते सांग. आणि हात नक्की कुठल्या क्षणी मागे पूर्ण गेलेला हवा तेही.

घाई

१९ मार्च

दादा,

“पाय पडला की तोंडाने ठप म्हणायचं. ठप म्हणेपर्यंत हात मागेच. सिमेंट धरायच्या आत फरशीवर पाय देऊ नये, तसं.” असं तू लिहिलंस. अरे, ती इतक्या मोठ्याने ठप म्हणते की बाकावरची माणसं दचकतात. एका बाईंनी कुत्र्याला उचलून घेतलं. पण हात थांबायला शिकला. आधी हळू तीन पावलं, मागचा पाय पुढच्याच्या पाठून तिरका, मग पुढचा पडतो, ठप, तेव्हा हात पार मागे असतो, आणि मग कंबर, खांदा, कोपर, मनगट असे एकामागून एक निघतात. मनगट सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जोरात. मी हे पहिल्यांदाच बाहेरून बघतेय. तू फेकायचास तेव्हा मी फक्त चकतीकडे बघायची.

तू विचारलंस, खारूचा अभ्यास कसा चाललाय, तिला इतर कशाला वेळ मिळतो का. वेळ कुठला. पुस्तकातून मान वर काढत नाही. माझ्याकडे आली तरी नंबरांचा तक्ता भिंतीला लावून मलाच वाचायला बसवते. तू काळजी करू नकोस.

हे वाक्य लिहून झाल्यावर मी उठून पाणी पिऊन आले.

एक अडचण आहे. पाय पडतो तेव्हा तिचा पुढचा, म्हणजे फेकणाऱ्या हाताच्याच बाजूचा उजवा गुडघा आत झुकतो. थोडासाच, पण झुकतो. चकती सुटल्यावर अंग फिरतं तेव्हा तर जास्त. पूर्वी वजन मागेच राहायचं तेव्हा हे दिसत नव्हतं. आता सगळं वजन पुढच्या पायावर येतं आणि ते मला बघवत नाही. तुला कारण सांगायला नको. तू फेकताना बागेतल्या त्या ओल्या ओट्यावर पडलास तेव्हा मी तुझ्या मागे उभी होते. ज्याने गुडघ्यावर बसून आयुष्यभर फरशा लावल्या त्याला गुडघाच टेकता येईना. आता तू खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या फरशा मोजतोस. मला सगळं माहीत आहे. तू चकत्या पोत्यात भरून देऊन टाकल्यास आणि मलाही खेळ सोड म्हणालास. मी सोडला नाही. वर दुसऱ्या वर्षी जिंकलेली ढाल तुला दाखवायला घेऊन आले, नवरीसारखी नटून. तू आतल्या खोलीत गेलास तो अजून बाहेर आलेला नाहीस. ढाल आता माझ्याकडे पंख्याच्या खोक्यामागे आहे.

हे उकरून काढायला लिहीत नाहीये. गुडघ्याबद्दल मला तुझ्याशिवाय कोणाला विचारताच येत नाही, म्हणून लिहितेय. मी स्वतः आजपर्यंत पुढच्या पायावर पूर्ण वजन दिलेलंच नाही, त्यामुळे माझ्या टाचांना काही ठाऊक नाही. पुढच्या महिन्यात जोड्यांची स्पर्धा आहे, ती नाव घालायचं म्हणते. मी अजून हो म्हटलेलं नाही. तू काय सांगतोस त्यावर आहे.

लवकर लिही.

घाई

९ एप्रिल

दादा,

कार्ड आलं. “पाय पडला, वजन आलं, चकती सुटली, की डावी टाच मोकळी सोडायची. तिला वळू दे, गुडघ्यासकट. उजवा पाय वळवायची घाई नको, तो जागेवर राहू दे. एवढं सांभाळलं तर गुडघा वाचतो. मला हे कोणी सांगितलं नव्हतं.” ‘डावी’खाली दोन रेघा मारल्यास. मी काय आंधळी आहे का? आणि शेवटचं वाक्य वाचून वहिनीने तुला थोपटलं असेल, अशी आशा आहे. मी असते तर थोपटलं असतं, मग तू हात झटकला असतास.

शिकवलं तसंच. पहिले दोन दिवस तिला अवघड गेलं. म्हणाली, असं केलं की गुडघ्यात ओढ बसते. मी म्हटलं, नवीन आहे म्हणून वाटतं, ज्याने सांगितलंय त्याच्याइतकं ह्यातलं कोणाला कळत नाही. ती म्हणाली, कोण तो? मी म्हटलं, आहे एक जुना खेळाडू. ती म्हणाली, त्याला एकदा घेऊन ये ना.

मी लगेच चकत्या गोळा करायला गेले.

दादा, तुला एक सांगायचं आहे. गेल्या आठवड्यात दोनदा सांगायला बसले. एकदा पहिली ओळ लिहिलीही होती. मग वाटलं, स्पर्धा होऊन जाऊ दे, चांगली बातमी असली की सांगणं सोपं जाईल. मला माझं मन माहीत आहे, मी हात आधी फेकते आणि पाय मागून येतो. ह्या बाबतीत मात्र पाय इतका मागे राहिलाय की येईल की नाही सांगता येत नाही.

नाव घातलं. येत्या रविवारनंतरच्या रविवारी. जोडी आमची दोघींची.

घाई

२४ एप्रिल, दुपार

दादा,

खारू रात्री तुला फोन करणार आहे. त्याआधी हे पोचणार नाही, तरी लिहितेय. फोनवर ती माझी बाजू घेईल, आणि ती कोणी घ्यावी असं मला वाटत नाही.

इस्त्रीवर कोणी नवी मुलगी नाही. ती खारूच होती.

गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी तिने खोक्यामागची ढाल काढली आणि विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. तिने विचारलं, बाबाही खेळायचे? मला कधीच का नाही सांगितलं? मग म्हणाली, एकदा फेकून बघू दे. मी एकदाच म्हणून दिली. ती म्हणाली, बाबांना सांगू नकोस. तुला मी शब्द दिला होता चकती द्यायची नाही, तिला दिला सांगायचं नाही. एका माणसाला दोन शब्द पाळता येत नाहीत म्हणून मी सोयीचा पाळला.

तिला फेकायला मी शिकवू शकत नव्हते. तू शिकवू शकत होतास. म्हणून तुला लिहिलं. ती वहिनीसारखी डावखुरी, हे तू दोन ओळींत ओळखशील म्हणून मी पत्रात सगळं उलटं करत गेले. ती डाव्या बाहीवर पुसते, मी उजवी लिहिली. तिचा पुढचा पाय डावा, डावा गुडघा झुकत होता, मी उजवा लिहिला. आणि तुझ्या उत्तरात डावं-उजवं आलं की ते परत उलटं करून तिला सांगायचं. आरशात बघून वेणी घालतात तसं. पुढे पुढे हाताला सवय झाली होती.

काल स्पर्धा होती. पहिला डाव चांगला गेला. दुसऱ्यात मधली मोठी फेक होती, दोन झाडांमधून, उतारावर. ती पळत आली, पावलं सुरेख पडली. ठप म्हणाली. हात थांबला, मग आला. मी एवढी सुंदर फेक तुझ्यानंतर पाहिलेली नाही. चकती सुटली, कंबर फिरली आणि पुढचा पाय फिरला नाही. तो रोवलेलाच राहिला. चकती टोपलीपाशी जाऊन पडली. ती बघायला खारू उभी नव्हती.

डावा गुडघा. हाडांचे डॉक्टर म्हणाले, आतलं लिगामेंट अर्धं फाटलंय. सूज उतरली की ऑपरेशनचं बघू. मी आमच्याच हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बसून लिहितेय. तिच्याखाली घातलेल्या चादरीच्या कोपऱ्याला आमचा निळा टाका आहे. कदाचित तिने आणि मीच झटकलेली असेल, हौसेने येऊन उभी राहायची ती घड्या घालायला.

आता जे लिहिणार आहे ते लिहू नये. पण लपवून झालंय पुष्कळ. तू तुझ्या कार्डात पुढचा पाय जागेवर ठेव असंच लिहिलं होतंस. मागची टाच मोकळी, पुढचा पाय जागेवर. तिला ओढ बसत होती, तिने सांगितलं होतं, मलाही शंका आली होती. तुझा गुडघा गेला तेव्हाही पुढचाच पाय जमिनीला चिकटला होता, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. तरी तुझं अक्षर समोर होतं म्हणून मी माझं डोकं बाजूला ठेवलं. असं कसं लिहिलंस तू, दादा? तुला तर माहीत होतं.

नाही, हा दोष तुझा नाही. मुलगी कोण आहे हे तुला ठाऊक असतं तर तू जास्त जपून लिहिलं असतंस. मला फक्त कोणाच्या तरी गळ्यात टाकायचं आहे आणि जवळ तूच आहेस.

तिला आत्ता जाग आली. पाणी मागतेय.

घाई

१४ मे

दादा,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. कार्ड नाही, पत्र. दोन्ही बाजू भरलेलं. मी ते लाँड्रीत नेलं, परत आणलं, उशीखाली ठेवलं, मग खारूला वाचायला दिलं. तुला चालणार आहे की नाही, विचारलं नाही. विचारायची सवय नाही मला, तुला माहीत आहेच.

आधी गुडघ्याचं सांगते. ऑपरेशन नको म्हणाले. मोठा पट्टा बांधलाय मांडीपासून पोटरीपर्यंत. हॉस्टेलात जिने फार, म्हणून ती माझ्याकडेच आहे. काठी घेऊन न्हाणीपर्यंत जाते. खेळायचं की नाही हे पुढच्या वर्षी बोलू, असं डॉक्टर म्हणाले. खारूने त्यांना विचारलं, पुढच्या वर्षी म्हणजे जानेवारीत का? ते हसले. मी हसले नाही.

आता तुझं पत्र.

तू लिहिलंस, “चकती बाहीवर दोनदा पुसते हे वाचलं तेव्हाच कळलं. चमचा, पेन्सिल, सफरचंद, काहीही हातात दिलं तरी बाहीवर पुसणारी एकच पोर मी पाहिलीय. फक्त बाही तू चुकीची लिहिली होतीस. पहिल्यांदा राग आला. तुझ्या वहिनीने कागद लपवून ठेवले नाहीतर तुला काय लिहिलं असतं कोण जाणे. मग वाटलं, ओरडलो तर तुझी पत्रं बंद होतील आणि पोरीचं फेकणं काही बंद होणार नाही, ती तुझ्यावर गेलीय. फेकणारच असेल तर नीट तरी फेकू दे. आणि तुझी पत्रं यावीत असंही वाटत होतं.”

हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

आणि पुढे, “गुडघ्याचं विचारलंस तेव्हा मी मुद्दाम डावी लिहिली. तोवर मी पुढचा, मागचा एवढंच लिहीत होतो. म्हटलं, घाईला दोन रेघांवरून कळेल की मला माहीत आहे. सरळ लिहायचा धीर झाला नाही. खारूची डावी टाच, गं. पुढची. तीच मोकळी सोडायची होती.”

ते कार्ड काढलं मी. फडताळात होतं, बाकीच्यांबरोबर दोऱ्याने बांधून ठेवलेलं. डावी टाच मोकळी सोडायची, तिला वळू दे, गुडघ्यासकट. उजवा पाय जागेवर राहू दे. सगळं जसं हवं तसं. कोणत्याही डावखुऱ्या मुलीला वाचायला दिलं असतं तर तिचा गुडघा आज शाबूत असता. ते मी तुझ्या हातून घेतलं, उलटं केलं आणि नेमका तिचा पुढचा पाय जमिनीला खिळवून ठेवला. तुझा गुडघा जसा गेला तसाच तिचा घालवायची रीत मी तिला रोज संध्याकाळी, लाडाने, पाठीवर हात ठेवून शिकवली. आणि वर तुलाच विचारलं, असं कसं लिहिलंस?

तू म्हणतोस चूक दोघांची, मीही गप्प राहिलो. नाही, दादा. तू गप्प राहिलास, पण लिहिलंस ते खरं लिहिलंस. इतक्या वर्षांनी आतल्या खोलीचं दार थोडं उघडलंस, आणि मी खोटं बोलण्यात इतकी गुंतले होते की ते मला दिसलं नाही. ह्यातला अर्धा वाटा मी तुला देणार नाही. तेवढं तरी माझं राहू दे.

खारूने सगळी कार्डं वाचायला मागितली. पलंगावर पसरून ओळीने वाचली. पाहुण्याच्या ओळीला हसली, सिमेंटच्या ओळीला हसली. मग दोन रेघांचं कार्ड पुन्हा उचललं. म्हणाली, “म्हणजे इतके दिवस बाबा मला शिकवत होते?” मी हो म्हटलं. “आणि तू त्यांना सांगत नव्हतीस, आणि ते तुला सांगत नव्हते.” मी हो म्हटलं. “मला एकाने तरी सरळ सांगायचं होतं ना, आत्या.” एवढंच म्हणाली, आवाज न चढवता. ती रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. तिने कार्डं गोळा करून परत दोरा बांधला आणि आपल्या उशाशी ठेवली. मी ती मागितलेली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर पट्ट्यावर जाड मार्करने लिहिलेलं होतं: हा डावा. मला म्हणाली, तुझ्यासाठी लिहिलंय. चेष्टाच केली तिने, आणि मलाही हसू आलं. पण पट्टा बांधायला सकाळ-संध्याकाळ मीच खाली बसते, आणि ती अक्षरं बरोबर माझ्या डोळ्यांसमोर येतात.

तू शेवटी विचारलंस, यायचं का. ये. तिला पुन्हा फेकू द्यायचं की नाही ते तू आणि ती बोलून ठरवा, मी त्यात तोंड घालणार नाही. नको म्हणालास तर चकत्या मी स्वतः पोत्यात भरीन, माझ्याही. हो म्हणालास तर पुढच्या वर्षी तूच तिच्यासमोर उभा राहा आणि तुझ्या तोंडाने तिला टाच वळवायला सांग. मी खाली टोपलीपाशी थांबेन आणि चकत्या परत आणून देईन. मध्ये माझ्यासारखं माणूस नको.

घरी येताना त्रास नको म्हणून लिहिते. आमची लिफ्ट बंद आहे आणि मजला तिसरा. जिन्याला कठडा एकाच बाजूने आहे, चढताना डावीकडे. तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला तोच धरून ये. मी दोनदा उतरून, चढून आणि हात लावून बघितलं, दादा. डावीकडेच आहे.

तुझी,
घाई